दुरुस्ती : ते ‘कै.’ नाहीत, ‘श्री.’ आहेत

(जरा लांब आहे. चहा घेऊनच बसा.)

मंडळी, मागच्या आठ दिवसांपासून चिखलदऱ्यात आणि परतवाड्यात माझ्याविषयी जी चर्चा चालू आहे, ती खरी आहे. मी लग्न करते आहे. माझं वय ४६, नवरदेवाचं ५४. माझे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या मिसेस जाऊन सहा. ते परतवाड्याला शाळेत मास्तर आहेत. बस, एवढीच बातमी. बाकी जे काही ऐकलं असेल, ते आपल्या घाटातल्या धुक्यासारखं समजा. दिसतं दाट, हातात काही येत नाही.

वीसेक वर्षं झाली, मी या तालुक्याच्या बातम्या देते. दरड कोसळली, बिबट्या दिसला, बस बंद पडली, दवाखान्यात डॉक्टर नाही, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग कुठपर्यंत गेली. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट माझ्याकडे सगळ्यात आधी येते, याचा मला थोडा गर्वही होता. आता माझ्याच घरातली बातमी माझ्याआधी बसस्टँडवर पोचली. म्हणून म्हटलं, आपली बातमी आपणच लिहावी. निदान नावं तरी बरोबर छापली जातील.

नावांचं का म्हणते, ते पुढे कळेल.

आधी बातमी फुटली कशी ते सांगते. आम्ही दोघंही ख्रिस्ती. आमच्या लग्नाला लागू होणारा कायदा १८७२ चा, भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. त्यात आधी पाळकांना लेखी सूचना द्यावी लागते. नाव, स्थिती, धंदा, वय, राहण्याचं ठिकाण. पाळकसाहेबांनी नियमाप्रमाणे ती मंडळीच्या फळ्यावर लावली. कोणीतरी तिचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो धामणगाव गढीपासून सेमाडोहपर्यंत फिरला. त्या कागदावर ‘स्थिती’च्या पुढे त्यांचं ‘विधुर’ आणि माझं ‘विधवा’ असं लिहिलेलं होतं. धंदा : पत्रकार. तो कोणी वाचलाच नाही.

मग फोन सुरू झाले.

“चांगलं केलं बाई, म्हातारपणी आधार होईल.”

“पोरीचं लग्न व्हायचं आहे न अजून? मग तुमचं आधी काहून?”

“ताई, घराचं-पैशाचं लिहून घेतलं न सगळं?”

“या वयात काय नाटकं!” हे मला कोणी तोंडावर बोललं नाही. पण ते ज्यांना बोलले, त्यांनी मला लगेच सांगितलं. छोट्या गावात निरोप पोचवायला पोस्टाची गरज नाही.

यातले बरेच जण माझ्या काळजीनंच बोलले. त्यांच्यावर राग नाही. पण आठ दिवसांत पन्नासेक माणसं बोलली असतील, त्यात एकानंही विचारलं नाही की, “बाई, तुला तो माणूस आवडतो का?”

एकीनं विचारलं, खोटं कशाला बोलू. बाजाराच्या दिवशी खालच्या गावातून भाजी घेऊन येणारी एक कोरकू आजी आहे. तिच्यापर्यंतही बातमी गेली होतीच. वांगी मोजता मोजता म्हणाली, “मानूस हासते का?” म्हटलं, हो, हसतात. “मंग कर. न हासनारा एक होता मले. लय जड गेला.” आणि दोन वांगी वरून टाकली. कोरकूंमध्ये नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा घर करणं ही काही सभा भरवण्यासारखी गोष्ट नाही. रीतच आहे ती. आपण त्यांना सुधारायला डोंगर चढून येतो, हा विनोद वेगळा.

आता हे जुळलं कसं, ते सांगते. चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमाची बातमी होती. गाणी कोणी बसवली, पेटी कोणी वाजवली, पाहुणे कोण, अशी नावांची माळ. त्याच दिवशी एक श्रद्धांजलीची बातमीही पाठवायची होती. घाईत माझ्या हातून पेटीवाल्या मास्तरांच्या नावाआधी ‘श्री.’ ऐवजी ‘कै.’ गेलं. छापूनही आलं. “कै. अमुक यांनी पेटीवर सुरेख साथ केली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक गृहस्थ. स्वेटर, मफलर, हातात कात्रण. घाट चढून एसटीनं आलेले. म्हणाले, “सलाम बाई. बातमी वाचली. तुमचं म्हणणं खरं असेल तर मला शाळेत कळवावं लागेल.”

मला एकदम काही सुचेना. माफी मागितली. दुरुस्ती छापू म्हटलं. ते म्हणाले, “छापा, पण घाई नाही. दोन दिवस लोक फार चांगलं बोलत आहेत माझ्याबद्दल.” नऊ वर्षांत... नाही, तेव्हा सातच झाली होती, त्या सात वर्षांत मी माझ्याच घरात इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, “कोण आलं व?” म्हटलं, “कैलासवासी आले आहेत.”

डिप्लोमाला आम्हाला एक सर सांगायचे, बातमीत नाव दोनदा तपासा आणि नावाआधीचं अक्षर तीनदा. तेव्हा हसायचो. पण खरंच, आपल्याकडे माणसाचं अर्धं आयुष्य त्या अक्षरात असतं. बाई ‘कु.’ची ‘सौ.’ होते, ‘सौ.’ची ‘श्रीमती’ होते, पत्रिकेत ‘गं. भा.’ होते. पुरुष मात्र जन्मापासून ‘श्री.’, तो थेट ‘कै.’ होईपर्यंत. बायको गेली म्हणून त्याच्या नावाआधी काही बदलल्याचं मी वीस वर्षांत छापलेलं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या राज्यात ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणायचा प्रस्ताव चर्चेला आला होता, आठवतं? ओरड झाली आणि मागे पडला. सरकारी योजनेत तर आम्ही ‘निराधार’ या नावाखाली बसतो. मी घर चालवते, सासूला सांभाळते, पोरीला शिकवते. त्या घराचा आधार मीच. पण कागदावर माझी जात ‘निराधार’ बायांची.

असो. दुरुस्ती छापली. त्यानंतर मास्तर कधी बातमी घेऊन आले, कधी पोरांच्या सहलीची चौकशी घेऊन, कधी काहीच न घेता. एकदा मोथ्याहून रबडी घेऊन आले आणि एक पुस्तक. इंग्रजी. म्हणाले, “हळू वाचा, घाई नाही.” (घाई नाही, हे त्यांचं नेहमीचंच.)

ते पुस्तक होतं जॅन कॅरन या अमेरिकन बाईंचं ‘ॲट होम इन मिटफर्ड’, १९९४ चं. या बाईंनी पन्नाशीच्या आसपास जाहिरातीच्या धंद्यातली चांगली नोकरी सोडली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लोइंग रॉक नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात राहायला गेल्या. उंची साधारण आपल्या चिखलदऱ्याइतकीच. तिथे त्यांनी गावच्या साप्ताहिकात गोष्ट लिहायला घेतली, दर आठवड्याला एक तुकडा. तीच पुढे कादंबरी झाली, तिची मालिका झाली, लाखोंनी खपली. सुरुवात कुठून? गावच्या पेपरातून! हे वाचून मला किती बरं वाटलं असेल ते आमच्या धंद्यातल्यांनाच कळेल.

गोष्ट काय, तर डोंगरातल्या गावातला एक पाळक, वय साठीच्या घरात, लग्न न झालेला. त्याला मधुमेह निघतो. एक अवाढव्य कुत्रा त्याच्या गळ्यात पडतो. हा कुत्रा दुसऱ्या कशानंही ऐकत नाही, पवित्र शास्त्रातली वचनं म्हटली की शांत बसतो. आणि शेजारी एक बाई राहायला येते. घटस्फोटित, मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करणारी, पांढरी मांजर पाळणारी. पुढे काय होतं ते तुम्हाला कळलंच. पण किती हळू होतं! हा माणूस घाबरतो, लाजतो, पळतो. सगळं गाव बघत असतं, बोलत असतं, आणि त्याच गावातून कोणीतरी केक पाठवत असतं. कोणी विहिरीत उडी घेत नाही. कोणाला वाळीत टाकत नाहीत. देव आहे, प्रार्थना आहे, आजार आहे, मरणही आहे, पण प्रेमाची शिक्षा म्हणून काहीही नाही.

मी ते पुस्तक हसत हसत वाचलं आणि मधेच रडले. रडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. विचार केला, असं का झालं. तर माझ्या भाषेत ही गोष्ट मी कधी हलक्या मनानं वाचलेलीच नव्हती.

बघा ना. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’, बाबा पदमनजींची, १८५७ ची. पदमनजी बेळगावचे, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. पुस्तकाचं दुसरं नावच ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, गावोगावच्या विधवांचे हाल बघते, मग तिचाच नवरा जातो. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे आपली पहिली कादंबरी ख्रिस्ती माणसानं लिहिलेली आणि दुसऱ्या लग्नावर संपणारी! मला हे फार अभिमानाचं वाटतं. पण पुस्तकभर यमुनेला पोटभर हसायला किती जागा मिळाली, हे शोधलं तर हाती फार काही लागत नाही. पदमनजींना दोष नाही. त्याच्या एकच वर्ष आधी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. त्यातही पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. परवानगी होती, दंडासकट. असल्या काळात हसायचं कोणाला सुचणार?

पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. ते विधुर, त्या विधवा. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांना त्यांच्या मुरुड गावानं वाळीत टाकलं. ही गोष्टही आपण शाळेत धडा म्हणून वाचतो, मान खाली घालून.

आणि ज्या जातींत ही मनाई नव्हती, तिथे? आपल्या वऱ्हाडात कितीतरी जातींत पाट लागायचा, सगळ्यांना माहीत आहे. पण पाट लागायचा रात्री. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही, सवाष्ण बायांनी तोंड पाहायचं नाही. लग्न मान्य, पण उजेडात नको.

आमच्या १८७२ च्या कायद्यात एक गंमत आहे. त्यात सर्वसाधारण नियम असा की लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत लागलं पाहिजे. इंग्रजांनी काय हिशेबानं लिहिलं असेल ते असो. मला मात्र तो वाचून बरं वाटलं. माझं दुसरं लग्न कायद्यानंच दिवसाउजेडी आहे.

मराठीत हलकं लिहिणारी बाई नव्हती असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरात बायबलच्या शेजारी असायची. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, घर मोडलं, लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. काही वर्षांनी त्या आपल्याच नवऱ्याबरोबर पुन्हा संसार मांडायला गेल्या. एवढं भोगून ती बाई स्वतःवर हसते, टिळकांच्या विसराळूपणावर हसते, आणि प्रेम तर पानोपानी. पण शब्द ‘प्रेम’ कुठे मिरवत नाही. मला वाटतं, पदमनजींनी विषय दिला आणि लक्ष्मीबाईंनी सूर दिला. या दोघांना एकत्र बसवून चाळिशी-पन्नाशीच्या बाईची एक हलकीफुलकी गोष्ट आपल्याकडे कोणीतरी लिहायला हवी होती. आपण विधवेला दया दिली, कायदा दिला, अनुदान दिलं. हसायची मुभा तेवढी द्यायची राहिली.

आता माझा हिशेब. दुसऱ्यांना शिकवून झालं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढलं की इतरांनीही हा कित्ता गिरवावा. मी आपल्याकडे गावागावांत जाऊन बायांना बोलते केलं, बातमी केली. एका गावात एक तरुण बाई मला म्हणाली, “मॅडम, तुमच्यात तं हे काहीच नाही म्हणता. मंग तुमचा गया काहून उघडा?”

आमच्याकडेही मंगळसूत्र असतं, त्यात छोटा क्रूस असतो. मिस्टर गेले त्या आठवड्यात मी ते काढून पेटीत ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. पाळक नाही, सासू नाही. रंगीत साड्याही त्याच पेटीत. सात वर्षं मी फिक्या साड्या नेसून विधवा प्रथेविरुद्ध बातम्या लिहिल्या. त्या बाईचं वाक्य मी बातमीत घेतलं नाही. आज लिहिते आहे. ही दुसरी दुरुस्ती.

तिसरी सगळ्यात अवघड आहे.

माझी मुलगी अमरावतीला शिकते. वीस वर्षांची आहे. मास्तरांना ती ओळखते, पण लग्नाचं मी तिला सांगितलं नव्हतं. परीक्षा होऊ दे, सुट्टीत येऊ दे, असं करत राहिले. तिला कळलं ते व्हॉट्सॲपवर. फळ्यावरच्या त्या कागदाचा फोटो, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून. तिचा एकच फोन आला. “मम्मी, तू सगळ्यायच्या बातम्या देते न? मले फॉरवर्ड आला.” आणि ठेवला. तीन दिवस उचलला नाही.

चौथ्या दिवशी सकाळची एसटी पकडून अमरावतीला गेले. राजकमल चौकात एका हॉटेलात दोघी समोरासमोर बसलो. बराच वेळ ती नुसती चहाच्या कपाकडे बघत होती. मग म्हणाली, “लग्नाचा राग नाही आला. मी चिडेन, असं तू धरून चालली, त्याचा आला. लोकायसारखंच तूही धरून चालली.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पन्नास जणांवर नाराज होते की कोणी मला विचारलं नाही, आणि मी तरी पोरीला कुठे विचारलं होतं?

ती म्हणाली, “मी त्यायले पप्पा म्हणणार नाही.” म्हटलं, नको म्हणू. सर म्हण. “सर म्हणू? तुह्या नवऱ्याले?” आणि फसकन हसली. लगेच तोंड वळवून रडलीसुद्धा. सगळं मिटलं असं म्हणणार नाही. लग्नाला येणार आहे. नाचणार की नाही, ते अजून कळवलेलं नाही.

राहिल्या सासूबाई. वय ७८. त्यांचा मुलगा गेला, आणि आता सून लग्न करते आहे. लोक मला धीट म्हणतात, पण या सगळ्यात खरी परीक्षा त्यांची आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “त्याचा फोटो कुठं जाईन?” मी सांगितलं, कुठेच जाणार नाही. मास्तर म्हणाले, त्यांच्या मिसेसचा फोटोही त्याच भिंतीवर लावू, त्यांनाही सोबत होईल. सासूबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, “अन् रात्री माह्या डोयात थेंब कोण टाकन?”

त्या एका प्रश्नावर आमचं बिऱ्हाड ठरलं. मी घाट उतरून जाणार नाही, मास्तर चढून येणार. शाळेसाठी रोज खाली, संध्याकाळी वर. या वयात रोजचा घाट! प्रेमाचा याहून मोठा पुरावा मला नको. सासूबाई त्यांना जावई म्हणत नाहीत, ‘मास्तर’ म्हणतात. परवा मात्र पाऊस होता, तर म्हणाल्या, “मास्तरले म्हणा, मफलर बांधून येजो.” मी आत जाऊन थोडा वेळ उगाच भांडी लावत बसले.

तर मंडळी, लग्न पुढच्या महिन्यात आहे. तारीख घरोघरी सांगेन. पेटीतली साडी बाहेर काढली आहे, घड्यांवर जरा विरली आहे, पण रंग तसाच आहे.

तुमच्या ओळखीत कोणी चाळिशी-पन्नाशीची बाई किंवा बाप्या असं काही ठरवत असेल, तर एवढंच करा. आधार, पोरंबाळं, घर-पैसा, सगळं विचारा, तुमचा हक्कच आहे. पण त्याआधी त्या आजीचा प्रश्न विचारा. माणूस हसते का?

आमच्या लग्नाला या. आहेर नको. पत्रिकेत दोघांच्याही नावाआधी काहीच छापणार नाही, म्हणजे चुकायची भीती नाही. आणि घाटात धुकं असेल, तेव्हा लवकर निघा. सातच्या आत लागायचं आहे.